दीर ठेकेदार, सही माझी

पत्र: नमस्कार. मी एका लहान गावची सरपंच आहे. थेट जनतेतून निवडून आले, पहिलीच खेप. मारुतीच्या देवळापासून शाळेपर्यंत शंभर मीटरचा काँक्रीट रस्ता नुकताच झाला. ठेकेदार माझे चुलत दीर. अंदाजपत्रकात जाडी १५ सेंटिमीटर आहे, मी पट्टी लावून पाहिली तर १० भरते. भाऊसाहेब (ग्रामसेवक) म्हणतात, मोजमाप पुस्तिकेत नोंद झाली, अभियंता साहेबांची सही आहे, मार्चअखेर आलाय, बिल अडवलं तर निधी परत जाईल. दीर म्हणतात, "वहिनी, तुमचा हिस्सा बाजूला काढून ठेवलाय. नको असेल तर सप्ताहाच्या पंगतीला देतो. मलाही वर द्यावे लागतात, पदरचे घालू का?" मालक म्हणतात, घरात वाद नको. माझ्या डिजिटल सहीचं डोंगल (संगणकाला लावायचं छोटं यंत्र) पंचायतीच्या कपाटात असतं, ऑपरेटर वापरतो. मला पैसे खायचे नाहीत, पण घरही तुटायला नको. पुढे गटाराचं आणि अंगणवाडी दुरुस्तीचं काम येतंय. काय करू?
ता. क. रस्त्याच्या कामावर आमचा ट्रॅक्टर भाड्याने होता.

उत्तर:

ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात जड ओळ तुम्ही ताजा कलमात लिहिली आहे, म्हणून आधी तीच घेते.

दीर ठेकेदार असणं आणि तुमच्या घरचा ट्रॅक्टर त्या कामावर असणं, यांत फार फरक आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ मधलं कलम १४ सांगतं की, पंचायतीच्या कामात किंवा कंत्राटात ज्याचा स्वतः किंवा भागीदारामार्फत, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हिस्सा किंवा हितसंबंध आहे, तो सदस्य राहू शकत नाही. चुलत दिराचं घर वेगळं, चूल वेगळी, धंदा वेगळा असेल तर नुसत्या नात्याने तुम्ही अपात्र ठरत नाही. पण ट्रॅक्टरचं भाडं त्याच कामाच्या बिलातून तुमच्या घरात येणार असेल, तर 'अप्रत्यक्ष' हा शब्द तुमच्या दारात येऊन उभा राहतो. उद्या विरोधी गटाने जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला, तर सुनावणीत पहिला कागद ट्रॅक्टरचाच निघेल. तुम्ही एक रुपया खाल्ला नाही, हे तिथे बाजूला पडेल.

म्हणून आजच मालकांशी बोला. ट्रॅक्टर पंचायतीच्या कुठल्याही कामावर जाणार नाही, तुमच्या कारकिर्दीत नाही. तो भाच्याच्या किंवा मेव्हण्याच्या नावावर करण्याचा सल्ला कोणी ना कोणी देईलच, तो ऐकू नका. तसं केलेलं उघडं पडतं आणि मग अज्ञानाची सबबही उरत नाही. झालेल्या भाड्याबद्दल तालुक्याच्या ठिकाणी पंचायतीची प्रकरणं चालवणाऱ्या वकिलाला कागद दाखवून सल्ला घ्या. या बिलाचा विषय मासिक सभेत येईल तेव्हा अध्यक्षस्थान उपसरपंचांकडे द्या आणि आपला संबंध काय आहे ते स्वतःच्या तोंडाने सांगून इतिवृत्तात नोंदवून घ्या. एवढ्याने जोखीम संपते असं मी म्हणणार नाही. पण स्वतःहून सांगणाऱ्या सरपंचाकडे आणि पकडल्या गेलेल्या सरपंचाकडे गाव आणि अधिकारी सारख्या नजरेने बघत नाहीत.

आता डोंगल. ते आज संध्याकाळी घरी आणा. वित्त आयोगाचा पैसा ई-ग्रामस्वराज आणि पीएफएमएस या सरकारच्या ऑनलाइन प्रणालींमधून जातो, आणि त्यासाठी तुमची व ग्रामसेवकांची अशा दोन डिजिटल सह्या लागतात. तुमचं डोंगल आणि पासवर्ड कपाटात ठेवणं म्हणजे कोऱ्या चेकबुकावर सह्या करून ते दुसऱ्याच्या हाती देणं. मी स्थानिक निधी लेखापरीक्षेत, म्हणजे पंचायतींचे हिशेब तपासणाऱ्या सरकारी खात्यात, नोकरी केली. आक्षेप निघाल्यावर "मला माहीतच नव्हतं, ऑपरेटरने केलं" असं सांगणाऱ्या किती तरी सरपंच बाया पाहिल्या. खोटं बोलत नव्हत्या त्या. पण वसुलीची नोटीस सहीच्या मालकिणीला आली, आणि तोपर्यंत मुदत संपून त्या पुन्हा शेतावर जायला लागल्या होत्या. पासवर्ड बदला. प्रत्येक देयकाच्या वेळी डोंगल स्वतः घेऊन जा, स्वतः लावा, काम झालं की काढून पिशवीत टाका. ऑपरेटरला वाईट वाटेल, दोन दिवसांत सवय होईल.

रस्त्याकडे येऊ. हिशेब तुम्हाला येतो, फक्त तो तुम्ही स्वतः केला पाहिजे. शंभर मीटर लांब, तीन मीटर रुंद (तुमच्या गल्लीची रुंदी मी अंदाजाने धरते) आणि १५ सेंटिमीटर जाड म्हणजे ४५ घनमीटर काँक्रीट. जाडी १० वर आली की ३० घनमीटर. १५ घनमीटर काँक्रीट, गावच्या भाषेत पाच ब्रासच्या वर, कागदावर पडलं आणि जमिनीवर पडलं नाही. घनमीटरला सिमेंटच्या सात-आठ गोण्या धरल्या तरी शंभराहून जास्त गोण्यांचा हा प्रश्न आहे. दिरांची "वर द्यावे लागतात" ही रक्कम कुठून निघते, ते तुम्हाला इथे दिसेल. निविदेतला दर सगळ्यांना माहीत असतो, त्याला हात लावता येत नाही. जाडी मात्र मातीत गाडलेली असते.

पण एका जागी पट्टी लावून निष्कर्ष काढू नका. कडेला फळी लावल्यामुळे जाडी वेगळी दिसू शकते, मध्ये जमीन उंच-सखल असते. एका मापावर तुम्ही आरोप केला आणि दुसऱ्या जागी १५ भरलं, तर खोट्या तुम्ही पडाल. सगळी फाईल मागा: प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, अंदाजपत्रक, निविदेचे किंवा दरपत्रकांचे कागद, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, काँक्रीटच्या चाचणीचे अहवाल, कामाआधीचे, चालू असतानाचे आणि झाल्यानंतरचे फोटो. काँक्रीट ओतताना १५ सेंटिमीटरचे ठोकळे भरून ठेवतात आणि ७ व २८ दिवसांनी दाबून त्यांची ताकद बघतात. एम-२० काँक्रीट असेल तर २८ दिवसांनी चौरस मिलिमीटरला २० न्यूटन ताकद यायला हवी. अहवालावरची तारीख आणि काम झाल्याची तारीख शेजारी ठेवून बघा. काम होऊन २८ दिवस झाले नसताना २८ दिवसांचा अहवाल फाईलला लागलेला मी पाहिला आहे.

मग उपअभियंत्यांना लेखी कळवा की संयुक्त मोजणी हवी. शाखा अभियंता, ग्रामसेवक, ठेकेदार, दोन सदस्य आणि त्या गल्लीत राहणारी चार माणसं, सगळ्यांसमोर. रस्त्याच्या मध्यावर तीन-चार ठिकाणी कोअर (यंत्राने आरपार कापलेला काँक्रीटचा गोल तुकडा) काढून जाडी मोजावी, आणि नमुने शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या किंवा तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेत जावेत. जागा ठेकेदाराने निवडायच्या नाहीत, तुम्हीही नाही, चिठ्ठ्या टाका. तिथेच पंचनामा, तिथेच सह्या.

जेवढं काम भरेल तेवढ्याचं बिल लगेच द्या. या 'लगेच'वर मी मुद्दाम जोर देते. आपल्याकडे टक्केवारी वाढण्याचं एक मोठं कारण म्हणजे चांगल्या कामाचंही बिल महिनोन्‌महिने फिरत राहतं. ठेकेदाराने उधारीवर खडी-सिमेंट उचललेलं असतं, व्याज चढत असतं, आणि प्रत्येक टेबलावर "जरा बघा ना" म्हणताना हात खिशाकडे जातो. तुमच्या पंचायतीत मोजणी झाली की आठवड्याच्या आत देयक, कोणाच्या घरी खेटा नाही, असा नियम तुम्ही ठराव करून बांधू शकता. दिरांनाही हे सांगा: "भावजी, तुमचं झालेलं काम मी एक दिवस अडवणार नाही. न झालेल्या कामावर सही करणार नाही. कमी पडलेली जाडी तुमच्या खर्चाने भरून द्यायची की बिलातून कापायची, ते अभियंत्यांसमोर ठरवा." निधी परत जाण्याच्या धाकालाही हेच उत्तर. झालेल्या कामापुरतं देयक मार्चआधी निघू शकतं. न झालेल्या कामाचं देयक मार्च आहे म्हणून काढलं, तर पैसे तर जातातच, वर आक्षेप बसतो.

आता हिश्शाचं. तो घेऊ नका हे तुम्हाला माहीत आहे, त्यावर लिहीत नाही. सप्ताहाच्या पंगतीवर मात्र लिहिते, कारण तिथे भली माणसं घसरतात. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली दुरुस्ती झाली. लोकसेवकाने गैरवाजवी लाभ स्वतःसाठी मागितला काय किंवा दुसऱ्या कोणासाठी, दोन्ही गुन्हाच, आणि शिक्षा तीन ते सात वर्षं. सरपंच या कायद्याने लोकसेवक आहे. देवाच्या नावाने दिलेलं असलं तरी ते तुमच्या सहीच्या बदल्यात दिलेलं आहे. दिरांना सप्ताहाला द्यायचं असेल तर गावकरी म्हणून त्यांनी पावती फाडून द्यावं, पण कुठलंही बिल तुमच्यासमोर असताना नाही, आणि निरोप तुमच्यामार्फत नाही. पाकीट मालकांकडेही राहता कामा नये. "तुमच्याकडे असू द्या, नंतर बघू" असं म्हणून ठेवून गेले असतील तर त्याच दिवशी दोन माणसांसमोर परत करा.

दिरांचं "मलाही द्यावे लागतात" हे मी थाप समजून सोडून देणार नाही. बऱ्याचदा ते खरं असतं. त्यांना सांगा की त्याच दुरुस्तीत लाच देणाराही गुन्हेगार धरला आहे. पण ज्याला देणं भाग पाडलं गेलं, त्याने सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवलं तर त्याला ही शिक्षा लागत नाही. आणि पैसे देण्याआधीच लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे गेलं, त्यांच्या सांगण्यावरून सापळ्यात पैसे दिले, तर तो गुन्हाच ठरत नाही. विभागाचा टोल फ्री क्रमांक १०६४. तिथे तक्रार आली की आधी मागणीची पडताळणी करतात, पंच साक्षीदार घेतात, मगच सापळा लावतात. दीर हे करतील का? बहुधा नाही, कारण उद्या त्यांना त्याच कार्यालयातून कामं घ्यायची आहेत. पण तुमच्या बिलासाठी कोणी तुमच्याकडे मागितलं तर तुम्ही नक्की करा.

पुढची दोन कामं ही तुमची खरी संधी आहे. रस्ता झालेला आहे, तिथे तुम्ही फक्त नुकसान थांबवाल. गटार आणि अंगणवाडी अजून कागदावर आहेत.

पहिली गोष्ट, कामाचे तुकडे पाडू देऊ नका. ई-निविदेची मर्यादा चुकवण्यासाठी एकाच गटाराचे 'मारुती मंदिर ते विहीर' आणि 'विहीर ते चावडी' असे दोन भाग करतात आणि दोन्ही एकाच माणसाला जातात. दरपत्रकांवर भागत असेल तर तिन्ही दरपत्रकं स्वतः हातात घेऊन वाचा. तिन्हींत एकच चूक एकाच जागी असेल, किंवा तीन फर्मचा पत्ता एकाच वाड्याचा असेल, तर ती तीन नाहीत, एकच आहे. ती परत करून फेर मागणी करा. सुशिक्षित बेरोजगार अभियंते आणि मजूर सहकारी संस्था यांच्यासाठी कामवाटपात ३३-३३ टक्के आणि खुल्या ठेकेदारांसाठी ३४ टक्के अशी आपल्या राज्यात पद्धत आहे. नाव मजूर संस्थेचं आणि काम भलताच माणूस करतोय, हा प्रकार सर्रास चालतो. कार्यारंभ आदेश ज्याच्या नावाने आहे तो माणूस कामावर दिसतो का, हे बघायला अभियांत्रिकीची पदवी लागत नाही. आणि दिरांनी या दोन कामांत भाग घेऊ नये असं मला मनापासून वाटतं. कायदा त्यांना अडवत नसला तरी तुम्ही घरात विनंती करू शकता. तालुक्यात इतर गावं आहेत.

दुसरी गोष्ट, काम सुरू होण्याआधी फलक लावा. रक्कम, ठेकेदाराचं नाव, लांबी-रुंदी-जाडी, सिमेंटचं प्रमाण, सुरू आणि पूर्ण होण्याची तारीख, दोष दायित्वाचा कालावधी किती. शेवटचं फार महत्त्वाचं आहे. त्या मुदतीत गटार फुटलं तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचं असतं, त्यासाठीच सुरक्षा अनामत राखून ठेवलेली असते. गावाला हे माहीतच नसतं, म्हणून वर्षाच्या आत त्याच गटारावर पुन्हा नवं अंदाजपत्रक होतं.

तिसरी गोष्ट, कागद मोठ्याने वाचा. राजस्थानात १९९४ च्या डिसेंबरमध्ये पाली जिल्ह्यातल्या कोट किराना गावी मजदूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनवाई घेतली. त्यांनी फार काही केलं नाही. सरकारी कामांची बिलं आणि हजेरीपटं गावासमोर वाचली. कागदावरचं काम आणि जमिनीवरचं काम लोकांनी जागच्या जागी ताडून पाहिलं. तिथून उठलेली मागणी पुढे २००५ च्या माहिती अधिकार कायद्यापर्यंत गेली; आपल्या महाराष्ट्राने तर २००२ मध्येच स्वतःचा कायदा केला होता. तुम्हाला त्यासाठी आंदोलन करायचं नाही, ग्रामसभा तुमच्याच अध्यक्षतेखाली भरते. मोजमाप पुस्तिकेचं पान वाचून दाखवा: इतके मीटर, इतकी जाडी, इतके रुपये. आदल्या दिवशीच्या महिला सभेत आधी वाचा. गल्लीत खडीची ट्रॉली किती वेळा आली, पाणी किती दिवस मारलं, हे बायकांना अचूक ठाऊक असतं, कारण दार तिथेच उघडतं.

गावातल्या कोणाला अविश्वास वाटला तर त्यालाही वाट दाखवा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून, दीडशे शब्दांच्या आत, एकाच विषयावर अर्ज केला की ३० दिवसांत माहिती द्यावी लागते. माहिती अधिकारात कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. अर्ज आला की भाऊसाहेब चिडतील. तुम्ही चिडू नका. तो अर्जदार तुमचंच अर्धं काम करतोय.

घराबद्दल तुम्ही विचारलंत, त्यावर गोड बोलून तुम्हाला फसवणार नाही. काही महिने अबोला राहील. सणावाराला पंगतीत जागा बदलतील. त्याने नातं कायमचं तुटतं असा माझा अनुभव नाही, पण तुमच्याच बाबतीत तुटणार नाही अशी हमीही मी देऊ शकत नाही. सासूबाई किंवा घरातलं वडीलधारं कोणी असेल तर त्यांना आधी विश्वासात घ्या, आणि त्यांना पैशाचं नको, अपात्रतेचं आणि वसुलीचं सांगा. "माझ्या तत्त्वांसाठी" असं म्हटलं तर घर विरोधात जाईल. "ही नोटीस आपल्या सातबाऱ्यापर्यंत येईल" हे घराला लगेच कळतं, आणि ते खरंही आहे. मालकांना एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगा: पंचायतीच्या कामाचा निरोप, फोन, पाकीट, काहीच त्यांच्यामार्फत येणार नाही. निवडून तुम्ही आला आहात.

खुर्ची जाईल ही भीती थोडी कमी करते. थेट निवडून आलेल्या सरपंचाला अविश्वासाने काढायचं तर सदस्यांचं तीन चतुर्थांश बहुमत आणि वर ग्रामसभेचं शिक्कामोर्तब लागतं. म्हणजे शेवटचा शब्द ज्यांना तुम्ही कागद वाचून दाखवणार आहात त्यांचाच आहे. पण ही भीती बिनबुडाची नाही, हेही मला ठाऊक आहे. तळेगाव दाभाड्यात जमिनींचे गैरव्यवहार बाहेर काढणाऱ्या सतीश शेट्टी यांचा २०१० साली भररस्त्यात खून झाला. म्हणून काहीही एकटीने करू नका. पत्र तुमच्या एकटीच्या नावाने नको, मासिक सभेच्या ठरावाने जाऊ द्या. धमकी आली तर त्याच दिवशी पोलीस ठाण्यात लेखी द्या आणि त्याची प्रत गटविकास अधिकाऱ्यांना.

तुमचं पहिलं पत्र कसं असावं ते लिहून देते, जसंच्या तसं वापरा:

"प्रति, मा. उपअभियंता, बांधकाम उपविभाग, जिल्हा परिषद. विषय: मारुती मंदिर ते शाळा काँक्रीट रस्ता, संयुक्त मोजणी व जाडी तपासणीबाबत. महोदय, वरील कामाचे देयक पंचायतीकडे प्राप्त झाले आहे. मासिक सभेच्या ठरावानुसार, देयक अदा करण्यापूर्वी सदस्य व ग्रामस्थांच्या उपस्थितीत संयुक्त मोजणी व कोअर चाचणी व्हावी, ही विनंती. कृपया सात दिवसांच्या आत तारीख कळवावी. मोजणीअंती आढळलेल्या परिमाणानुसार देयक तात्काळ अदा करण्यात येईल. प्रत माहितीस्तव: मा. गटविकास अधिकारी, पंचायत समिती; संबंधित ठेकेदार."

यात कोणावर आरोप नाही, दिरांचं नाव नाही, आणि 'तात्काळ अदा करण्यात येईल' हे वाक्य गाळू नका. दोन प्रती काढा, तालुक्याला स्वतः जा, एक प्रत देऊन दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. "ठेवून जा, नंतर बघतो" म्हणाले तर तिथेच बसून राहा. पोच मिळाल्याशिवाय उठू नका. तारीख आली की मला कळवा, कोअरचा अहवाल कसा वाचायचा ते पुढच्या पत्रात सांगते.